तुमचं कुत्रं पाण्यात जाते का?

आमच्या शेजारचे तुळशीराम भाऊजी कोणाले राम राम करत नाईत. कोणीबी समोर येऊ द्या, ओळखीचं असो का बिनओळखीचं, ते पयले इचारतात, "तुमचं कुत्रं पाण्यात जाते का?"

लग्नात इचारतात, मयतीत इचारतात. आमच्या गल्लीतल्या एका पोरीले पाहाले पाहुणे आले होते. पोहे झाले, चहा झाला, पोरगी अजून आतून याची होती, न् भाऊजीनं पोराच्या बापाले धरलं.

"घरी कुत्रं हाय का?"

"हाय जी."

"पाण्यात जाते का?"

तो माणूस बावरला. त्याले वाटलं, इकडे पत्रिकेसंगं हेबी पाहत असतीन. म्हणे, "जाते बाप्पा. पण तुमाले चालत नसन त नाई जाऊ देत आमी."

लग्न जमलं. भाऊजी अजून सांगतात का ते म्याच जमवलं.

मले कोणी इचारलं, हा माणूस येडा हाय का, त मी नाई म्हणीन. येड्याच्या एवढं ध्यानात राहत नाई. साऱ्या गावातल्या कुत्र्याइचं भाऊजीले पाठ हाय. मारोतीच्या देवळामागचं लंगडं कुत्रं तलावात जाते, पण पोटाले पाणी लागलं का परत. किराणावाल्याचं पांढरं नुसतं काठावर वास घेते. चक्कीवाल्याची कुत्री भर पावसात रस्त्यात उभी राहते, पण तलावाकडे ढुंकून पाहत नाई. या कुत्रीनं त भाऊजीची झोप उडवली होती. दळणाचा डबा चक्कीवरच इसरून घरी आले न् कुंपणावरून मले आवाज दिला.

"वैनी, पावसात भिजते न् तलावात जात नाई, कसं काय?"

"तिची मर्जी, भाऊजी."

"मर्जी नाई. मुद्दा येगळाच हाय. पावसाचं पाणी वरून येते, ते कोणाले इचारत नाई. तलावात सोता जा लागते."

'मुद्दा येगळाच हाय' हे त्याइचं नेहमीचं. भाजीत मीठ कमी पडलं तरी मुद्दा येगळाच राहते.

त्याइचं म्हणणं असं का जगात कुत्रे दोनच जातीचे, ओले न् कोरडे. छाती जड न् पाय आखूड असले का कुत्र्याले पाण्यात आपला भार सांभाळत नाई, मंग ते घाबरते. अंगावर दाट केस असले का ओले होऊन वझं होते. ज्याची माय पिलाइले संगं घेऊन पाण्यात गेली, ते पिल्लू पाण्याले अंगणच समजते. हे सारं ते मोठ्या थाटात सांगत. मंग माणसाइले बी तेच लावत. ग्रामसेवक कोरडा. कंडक्टर ओला. मले एक दिवस म्हणे, "वैनी, तुमी ओल्या." मी म्हटलं, "मी भांडे घासून राहिली, म्हणून."

आमचं गाव नांदगाव खंडेश्वरच्या अंगाचं. मी चौथी शिकली. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाले होती न् रस्त्यात नाला होता, तठीच माही शाळा सरली. माह्या मालकाले जाऊन गंज वर्सं झाली. दोन लेकरं पदराले बांधून मी लोकाइच्या वावरात निंदण केलं, कापूस येचला, हंगामात वरूडले संत्रा तोडाले गेली. तेव्हा रडाले वेळ नोता, न् आता वेळ हाय त रडू येत नाई. लेक कमावता झाला, सून चांगली भेटली, माहं बरं चालू हाय.

त्या वरूडच्या बगिच्यात राखणदाराचं एक कुत्रं होतं. संत्रं शेततळ्यात पडलं का उडी मारे न् तोंडात धरून आणे. दात बी लागू देत नोतं. हे मी एक दिवस सहज भाऊजीजवळ बोलली. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवून राहिली, त कुंपणावर भाऊजीचं डोकं.

"वैनी, ते संत्र्याचं कुत्रं. त्याले लहानपणी कोणी पाण्यात फेकलं होतं का?"

"मले काय माहीत बाप्पा! मी तठी संत्रा तोडाले गेली होती, कुत्र्याची सोयरीक कराले नाई."

तोंड एवढंसं करून गेले. मंग माह्या ध्यानात आलं का ते साऱ्याइलेच हे दुसरं इचारतात. पयले, पाण्यात जाते का. जाते म्हटलं का लगेच, लहानपणी कोणी फेकलं होतं का. नाई म्हटलं का पुढे बोलणंच नाई, उठून चालले.

आता त्याइच्या सोताच्या कुत्र्याचं सांगते. नाव ठाणेदार. काळा, थोराड, छातीवर पांढरा पट्टा. आवाज असा का लाईटबिलवाला गल्लीच्या तोंडूनच मोबाईल लावते, "कुत्रं बांधा, मंग येतो." रोही असो का रानडुक्कर, वावरात पाय टाकाची कोणाची हिंमत नाई. पण माही सून सकाळी सडा टाकाले बादली घेऊन निघाली का हा ठाणेदार खाटेखाली. पाणी पिते तेबी असं, मान लांब करून, मागचे पाय पळाच्या तयारीत, जशी नवी सून सासऱ्यासमोरून जाते.

न् माही कुत्री चिंधी! हाडाचा सापळा, रंग पाहाल त ओल्या पोत्यासारखा. पण तलाव दिसला का सरळ आत. बगळ्यामागं पोहत जाते, बगळा उडते, हे परत येते, अंग झटकते न् पुन्हा जाते. भाऊजीले तिचा लय हेवा. "या मरतुकडीले येते," म्हणत, "न् माह्या ठाणेदारले नाई!"

"माह्या चिंधीले मरतुकडी म्हणू नका, भाऊजी."

"कौतुकानं म्हटलं, वैनी."

उन्हाळ्यात ते अकोल्याले बहिणीकडे गेले. मले वाटलं आता कुत्र्याचं इसरतीन. आले त रागातच. म्हणे, अकोल्याचं काईच धरू नका. तठी ऊन असं का सारेच कुत्रे कूलरखालच्या पाण्यात बसले राहतात, ओले कोणते न् कोरडे कोणते कायबी समजत नाई. "बसणं येगळं न् पोहणं येगळं, वैनी. त्या उन्हात त मीबी नालीत बसलो असतो."

मंग ठाणेदारले अमरावतीले नेलं, राजापेठेत जनावराच्या डाक्टरणीकडे. काळीपिवळी जीपीत मांडीवर बसवून नेलं. राजापेठेत ट्युशनच्या पोट्ट्याइच्या गाड्याच गाड्या, ठाणेदार साऱ्या राजापेठेवर भुकला. डाक्टरणीनं त्याले तपासलं न् सांगितलं, काका, याले रोग नाई काई, याच्या मनात भेव बसलं हाय. ओढू नका, ढकलू नका, पाय टेकतीन एवढ्या पाण्यात त्याच्या मनानं जाऊ द्या. भाऊजी खूश. "बाई हुशार हाय. माह्यासारखंच बोलली."

"मंग तिले इचारलं का नाई?"

"इचारलं ना. तिच्याकडे मांजर हाय." न् असं तोंड केलं, जशी सारी राजापेठच वाया गेली.

इथपर्यंत सारा खेळच होता. पोळ्याचं निघालं तेव्हा खेळ राह्यला नाई.

भाऊजीकडे राजा न् परधान असे दोन बैल होते. त्याइची बायको गिरजा, माही मैतरीण, ते दोघी-तिघीचं काम एकटी करे. ते गेली. पोरगा पुण्याले. भाऊजीचे गुडघे बसले, वावर ठेक्यानं दिलं, बैल इकले. आता आमच्या इकडे पोळा म्हणजे ज्याच्याकडे बैल, त्याचा सण. संध्याकाळी सारे आपापले बैल सजवून तोरणाखाली लाईनीत उभे राहतात, झडत्या होतात, म्हणजे बैलाइची गाणी म्हणतात, मंग बैल घरोघरी जातात. ज्याच्या हातात कासरा नाई, तो बाया-लेकराइसंगं भितीजवळ उभा राहते. भाऊजी भितीजवळबी राह्यले नाई. बैल गेल्यापासून दर पोळ्याले ते सकाळीच वावरात जात न् गावातला बाजा बंद झाल्यावर घरी येत. मी पाहो. बोलून काय करता!

औंदा पारावर माणसं बसले होते. मी दुकानातून गूळ घेऊन येऊन राहिली होती. बाबारावकडे तोरणाचा मान, दोरी त्याइच्याच घरची. ते हासत म्हणे, "का गा तुळशीराम, औंदा तोरणाखाली काय आणतं? काठी?"

सारे हासले. भाऊजी म्हणे, "ठाणेदारले आणीन."

"कुत्र्याले?"

"काहून? तू ट्रॅक्टर आणला ना मागच्या साली? हार घातला, नारळ फोडलं. ट्रॅक्टर वावरात डुकरं हाकलाले येते का? माहा ठाणेदार हाकलते. तुह्या वावरातले बी हाकलते, फुकट."

बाबाराव माणूस खुनशी नाई. थोडा इचार करून म्हणे, "आण मंग. पण रिवाज त रिवाज. आदल्या दिवशी जनावर सोताच्या पायानं तलावात उतरलं पाहिजे. बादलीचं न्हाणं चालत नाई. कोणी उचलून टाकलेलंबी चालत नाई. उतरला त लाईनीत पयला नंबर ठाणेदारचा, हा माहा शब्द."

आता त सारा पार हासाले लागला. ज्याले सड्याचं भेव, तो तलावात उतरणार! भाऊजी उठले, टोपी सारखी केली न् चालले गेले. त्याइचे कान लाल झाले होते.

त्या दिवसापासून तलावावर तमाशा सुरू झाला. भाऊजीनं साऱ्या जन्मात बैलच शिकवले, त्याइले दुसरं काय येते! कुत्र्याले बैलासारखंच धरलं. गळ्यात राजाचं घुंगरू बांधलं. समोर सरकीची ढेप ठेवली. ठाणेदारनं ढेपीचा वास घेतला न् भाऊजीकडे असं पाह्यलं, जसं म्हणते, बरं नाई का तुमाले? मंग बाबारावचे बैल पाण्यात जाऊन राहिले त त्याइच्या मागं कासऱ्यानं उभा केला. काठावरून हाका, "हर्र, पाण्यात, पाण्यात!" बाबारावचे बैल पार खोल गेले, त्याइले बाहेर काढता काढता गड्याची फजिती. ठाणेदार जागचा हालला नाई.

मंग पोळीचे तुकडे पाण्यात टाकणं सुरू. एक काठाजवळ, एक थोडा पुढे, एक आणखी पुढे. चिंधी येऊन सारे खाऊन जाये. ठाणेदार काठावरून तिच्यावर भुके, जसा रपोट लिहून घेऊन राह्यला.

लोक म्हणत, "तुळशीराम, काहून टाईमपास करतं? दोघं जण धरा न् फेका. आपोआप पोहते. कुत्र्याचीच जात ते."

भाऊजी एरवी कोणालेबी हासून उत्तर देत. पण 'फेका' म्हटलं का त्याइचा चेहरा बदले. एका पोट्ट्यानं खरंच ठाणेदारच्या मागच्या पायाले हात घातला, त भाऊजीनं त्याले असं ढकललं का तोच चिखलात बसला.

पोळा जवळ आला. मी वाकळा धुवाले तलावावर गेली. दुपार होती, कोणी नोतं. भाऊजी दगडावर बसले, बाजूले ठाणेदार, दोघं बी पाण्याकडे पाहून राहिले. मी वाकळ आपटली. ठाणेदार मागं सरकला. न् मले दिसलं, भाऊजीबी सरकले. पाण्याचा शिंतोडा येऊन राहिला होता ना, पाय वर घेतले.

मी हात थांबवला. एवढे वर्सं शेजारी राहून कधी ध्यानात आलं नोतं. पोळ्याले राजा-परधानले धुवाले सालदार उतरे. भाऊजी काठावर उभे राहून सांगत, "शेपटी घास, खूर घास." दोघं गंगेले गेले होते तेव्हा गिरजानं डुबकी मारली न् भाऊजीनं काठावरूनच लोट्यानं डोक्यावर पाणी घेतलं, हे गिरजानंच मले हासत सांगितलं होतं.

"भाऊजी," मी म्हटलं, "तुमी काहून नाई उतरत?"

"मुद्दा येगळाच हाय, वैनी."

"सांगा मंग. कोणता हाय?"

मंग ठाणेदारच्या पाठीवर हात ठेवून बोलाले लागले, पण पाहत पाण्याकडेच होते.

"लहान होतो. काकानं कमरेले दोर बांधला न् इहिरीत फेकलं. तेव्हा असंच शिकवत. मी खालून वर पाह्यलं, वैनी. गोल आभाळ, न् त्याच्या कडेले सारे तोंडं, हासून राहिले होते. पोहणं आलं. त्याच दिवशी आलं. बाहेर आलो न् मंग कधी कशातच उतरलो नाई."

मी वाकळ पिळत राहिली.

"न् हा," ठाणेदारकडे पाहून म्हणे, "हा पोत्यात होता. तोंड बांधलेलं पोतं कोणीतरी नाल्यात फेकलं होतं, आतून आवाज येऊन राहिला होता. गिरजा कमरेएवढ्या पाण्यात गेली न् ओढून आणलं. मी काठावर तिच्या चपला धरून उभा. पोत्यातून हा एकटाच जिता निघाला. म्हणून मी साऱ्याइले इचारत फिरतो, वैनी. मले एक, फक्त एक कुत्रं पाहिजे, ज्याले फेकलं होतं न् तरीबी ते पुन्हा पाण्यात गेलं. एक जरी भेटलं असतं ना, त मी म्हटलं असतं, होते. नाई भेटलं. अकोला झालं, अमरावती झाली. कोठीच नाई भेटलं."

मी जे झालं ते सांगितलं.

"भाऊजी, नाल्याले पूर आला होता ते ध्यानात हाय का? माहं घर वाह्यलं होतं."

"हाय ना. तुमी लेकराइले घेऊन शाळेच्या पत्र्यावर होत्या."

"सारी रात होती. पाणी खालून आवाज करे, लहानं म्हणे, माय, हे आपल्याले बलावून राह्यलं का? सकाळी पाणी उतरलं. घराच्या जागी गाळ. गाळात माह्या दोन वाकळा भेटल्या. मी काय केलं असन?"

"काय केलं?"

"उचलल्या न् नाल्यावर धुवाले नेल्या. त्याच नाल्यावर. भेव लय होतं. पण लेकराइले थंडी वाजत होती, न् धुवाले दुसरं पाणी कुठून आणू? तुमाले कुत्रं नाई भेटलं त नाई भेटलं. मी हाय ना."

भाऊजीनं माह्याकडे पाह्यलं. मंग वाकळेकडे. मंग वाकून चपला काढल्या न् दगडावर जोडीनं ठेवल्या, जशा देवळाबाहेर ठेवतात.

पयल्या दिवशी घोट्याएवढं. एक मासोळी पायाले लागली त असे ओरडले का तिकडून गुराखी पळत आला. म्हणे, "साप?" भाऊजी म्हणे, "नाई गा, मासोळी." तो गुराखी अजून सांगते. दुसऱ्या दिवशी पोटऱ्याएवढं. माह्या वाकळा धुवून झाल्या होत्या, तरी न्यो. धुतलेल्याच पुन्हा धुवो. सून म्हणे, "आई, फाटतीन आता त्या." मी म्हटलं, फाटू दे.

ठाणेदार काठावर. मालक पाण्यात पाहून त्याचा जीव वरखाली होये. इकून तिकडे पळे, कुंई कुंई करे, एक पाय पाण्यात टाके, जसा चटका बसला तसा मागं घे. पोळ्याच्या दोन दिवस आधी त्याचे समोरचे दोन्ही पाय ओले झाले, त भाऊजीनं गावात कोणाले सांगितलं नाई, फक्त कुंपणावरून मले सांगितलं, तेबी बारीक आवाजात, जशी पोरीले दिवस गेल्याची गोष्ट सांगतात.

आला आदला दिवस. तलावावर सारं गाव. बैल, गडी, लेकरं, मोबाईल घेतलेले पोट्टे. बाबाराव काठावर खुर्ची टाकून बसले. बैल उतरून राहिले, धुवून निघून राहिले. भाऊजी आले, मागं ठाणेदार, गळ्यात दोरी बी नाई.

"तुळशीराम, दोरी कोठी?"

"नाई लागत."

"मंग उतरते कसा?"

भाऊजी माह्याजवळ आले. टोपी काढून माह्या हातात देली. धोतर खोचलं न् सरळ पाण्यात. गुडघे, कंबर, छाती. लोकाइचं हासणं कमी होत गेलं. त्याइले वाटत होतं कुत्रं उतरणार, हा त माणूसच उतरून राह्यला. न् मंग भाऊजीनं पाय सोडले. खरं सांगते, माह्या हातातली टोपी मी चुरगाळून टाकली. एवढा म्हातारा माणूस, जन्मात एकदा पोहला, तेबी रडत. पण अंग इसरत नाई बाप्पा. हात मारले, एक, दोन. तोंडात पाणी गेलं, थुकलं, पुन्हा हात मारले. बैलाइच्या पलीकडे गेले.

काठावर ठाणेदारचं भुकणं थांबलं.

एकदम थांबलं. कान ताठ. त्याले भाऊजीचं फक्त डोकं दिसून राह्यलं होतं, पांढरं, वरखाली होणारं. त्यानं एकदा माह्याकडे पाह्यलं, जसा इचारते, कोणी जाते का नाई आणाले? कोणी गेलं नाई. मंग तो मागं सरकला. मागं, मागं. पोट्टे ओरडले, "गेला, पळाला ठाणेदार!" बाबाराव मान हालवाले लागले.

तो पळाले नोता सरकला. तो धाव घ्याले सरकला होता.

असा आला का मधल्या बैलानं शिंग उगारलं. उडी मारली, सारा पाण्याखाली गेला, न् मंग वर आलं ते काळं नाक, आभाळाकडे करून, डोये मोठे मोठे, चारही पाय आतून मारत. सरळ. बगळा नाई, पोळी नाई, ढेप नाई. सरळ भाऊजीकडे. त्याइच्याजवळ पोचला न् त्याइच्या खांद्यावर चढाले लागला. आता दोघं बी बुडतात का काय! भाऊजी वरडून राहिले, "अरे उतर, उतर, मी बुडलो नाई गा, मी पोहून राह्यलो!" न् हासून राहिले न् पाणी पिऊन राहिले. चिंधीबी मधात घुसली. तिघंही मिळून काठाले आले.

काय गलका झाला! बैल बिथरले. बाबाराव खुर्चीवरून उठले न् सोता पाण्यात पाय टाकून भाऊजीले हात देला. "पयला नंबर," म्हणे. "शब्द त शब्द." न् ठाणेदारनं अंग झटकलं त बाबारावचा पांढरा सदरा पार चिखलाचा झाला, तरी हासतच राहिले.

संध्याकाळी कुंपणापलीकडून हळदीचा वास आला. भाऊजी अंगणात बसून ठाणेदारच्या खांद्याले हळद न् तूप चोळून राहिले होते, बैलाचे चोळतात तसं. ठाणेदार अर्धी हळद चाटून राह्यला होता. मंग कानाजवळ तोंड नेलं न् जे बैलाले म्हणतात ते म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." रीतीनं म्हटलं, हासून नाई.

दुसऱ्या दिवशी काय थाट! राजाची झूल ठाणेदारले लय मोठी, म्हणून दोन घड्या घालून बांधली. शिंगं नाईत म्हणून कान गेरूनं रंगवले. पायात घुंगरं. तोरणाखाली लाईनीत पयला ठाणेदार, त्याच्या मागं बाबारावचे बैल, त्याच्या मागं ट्रॅक्टर. ठाणेदारनं कोणावर भुकून पाह्यलं नाई, उभा राह्यला त असा का खराच ठाणेदार लाजीन. झडतीवाल्यानं नवी झडती जोडली,

"तलावात पाणी, पाण्यात आभाळ,
ठाणेदार उतरला, गावची कमाल,
म्हातारा पुढे न् कुत्रं मागं,
भेव गेलं वाहून, कोण आता लागं?
एक बोला, हर हर महादेव!"

सारं गाव वरडलं, 'महादेव!' भाऊजी कासरा धरून उभे. माणूस उंच झाल्यासारखा दिसला मले. तोरण तुटलं, बाजा वाजला न् जनावरं घरोघरी निघाली.

ठाणेदारबी निघाला. ज्याच्या घरासमोर जाये, तठल्या बाया ताट घेऊन बाहेर येत. हळदकुंकू, ओवाळणी, पायावर पाणी. पायावर पाणी पडे न् तो जरासा कापे, पण पाय उचलत नोता. न् भाऊजीले प्रत्येक घरी थांबा लागे. ज्या घराइत गिरजा गेल्यापासून ते चढले नोते, तठी बी.

सगळ्यात शेवटी आमचं घर. सुनेनं ओवाळलं. मी ठाणेदारसमोर पान ठेवलं. तो जेवला न् आडवा झाला. चिंधी त्याच्या पोटाले टेकून पडली.

भाऊजी दारात उभे राहिले, कासरा हातात गुंडाळत. "निघतो, वैनी. दिवस लय मोठा झाला." पण निघाले नाईत. कासरा सोडला, पुन्हा गुंडाळला.

सून म्हणे, "काका, बसा ना. पाट मांडला."

"नाई, नाई. घरी हाय काईतरी सकाळचं."

"भाऊजी," मी म्हटलं, "बसा."

बसले. मी चुलीजवळ होती, पोळी तव्यावर फुगून राहिली होती. ताटात वाढली, वरून तूप सोडलं. त्यायनं तुकडा मोडला न् हातातच धरून ठेवला. बोटाले चटका लागला तरी सोडला नाई.

"गरम हाय," म्हणे.

"हाव," मी म्हटलं. "खा."

त्याइच्याकडे मी पाह्यलं नाई. पुरण घेतलं न् दुसरी लाटाले लागली.